पुढच्या खोलीतला उठाव

असंतोष लांबून ओळखता येतो, अशी वैजयंतीची स्वतःबद्दल समजूत होती. समजुतीला आधारही होता. नॉटिंगहॅमच्या एका शाळेत ती आठ वर्षं इतिहास शिकवत होती आणि दर वसंतात नववीच्या वर्गापुढे फळ्यावर एक जिना काढत होती. खालच्या पायरीवर अर्ज, त्यावर बहिष्कार, मग कायदेभंग, मग दडपशाही, आणि थेट माडीवर युद्ध. अमेरिकेतल्या वसाहती हा जिना कशा चढल्या, हे ती इतकं रंगवून सांगे की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा च्युइंगम चघळायची थांबत. राजाच्या सरकारने कागदावर कर बसवला, लोकांनी अदबीने अर्ज लिहिले. अर्जांना कोणी भीक घातली नाही, तेव्हा त्यांनी विलायती माल घेणं सोडलं. पुढे चहाच्या पेट्या समुद्रात बुडवल्या, सरकारने बंदरच बंद करून टाकलं, आणि पुढच्याच वर्षी बंदुका सुटल्या.

"प्रत्येक पायरीवरून लंडनला मागे फिरता आलं असतं," वैजयंती खडू नाचवत म्हणे. "पण तिथे बसलेल्या शहाण्यांना जिना दिसतच नव्हता."

१९९४ च्या मार्चमध्ये हे वाक्य तिने नेहमीच्या ठसक्यात म्हटलं, आणि संध्याकाळी घरी येऊन पुढच्या खोलीत पडलेल्या वडिलांना विचारलं, "नाना, सूप गरम करू का?"

नाना म्हणजे काशीनाथ. सत्तरीला टेकलेले, पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसातून रिटायर झालेले, आणि आई गेल्यापासून लंडनमधल्या इल्फर्डच्या घरात एकटे राहणारे. डिसेंबरात घराबाहेरच्या बर्फावर पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. धाकटा भाऊ नंदू क्रॉयडनला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बायको आणि दोन बाळांसह राहत होता. वैजयंती एकटी, आख्ख्या घराची मालकीण. तेव्हा तिने नानांना आपल्याकडे आणलं. पुढच्या खोलीत पलंग टाकला, टीव्ही लावला, हाताशी एक पितळी घंटा ठेवली. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. तिने ते नको नको म्हणत पुरेपूर घेतलं.

नानांना इल्फर्डला परत जायचं होतं. हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात फार सभ्यपणे सांगितलं.

"घर बंद राहिलं की ओल धरतं गं, वैजू. आता वॉकर घेऊन चालतोय मी. मला काय, मी आपला सांगून ठेवतो."

"बघू नाना. थोडं ऊन पडू दे."

ऊन पडलं. नानांनी पुन्हा सांगितलं, वैजयंतीने पुन्हा बघू म्हटलं. तिने नंदूला फोन केला.

"नो वे, वैजू," नंदू म्हणाला. "त्या घरातला जिना किती स्टीप आहे! नाना पडले आणि कोणी नसलं, तर? दे विल फाइंड हिम आफ्टर अ वीक."

वैजयंतीच्या मनातली भीती हीच होती. फक्त तिने ती इंग्रजीत ऐकली नव्हती. रिकामं घर, जिन्याच्या पायथ्याशी नाना, आणि दारात साचत जाणाऱ्या दुधाच्या बाटल्या. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की तिचा आवाज आपोआप गोड आणि अधिकारी व्हायचा. विषय पुढे ढकलला गेला.

मग नानांनी चहा सोडला.

वैजयंती सकाळी घाईत मगात टी-बॅग बुडवून, वर थंड दूध ओतून त्यांच्यापुढे ठेवायची. नाना उभ्या जन्मात आलं ठेचून उकळलेला चहा प्यायलेले. पण मार्चपर्यंत त्यांनी हेही मुकाट्याने घेतलं होतं. एका मंगळवारी ते म्हणाले, "मला नको चहा. ह्यापुढे नकोच." त्या मंगळवारी वर्गात वैजयंतीने चहाच्या पेट्या पाण्यात बुडवल्या होत्या. पेट्या फेकणाऱ्यांची वेषांतरं, बंदरातला अंधार, सगळं साभिनय करून दाखवलं होतं. घरी आल्यावर तिने तो भरलेला, साय धरलेला मग पाहिला, थोडा विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी महागातली बिस्किटं आणली.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंशी नाना मराठीत बोलायला लागले. तीस वर्षं इंग्रज पोस्टमनांशी हुज्जत घातलेल्या माणसाला अचानक इंग्रजी येईनासं झालं. ती बाई बिचारी भली. दोन आठवड्यांत ती 'उटा' आणि 'बसा' शिकली. नानांनी तिला 'नाही' सुद्धा शिकवलं, आणि तोच शब्द ते सगळ्यात जास्त वापरत. "त्यांना मातृभाषेची ओढ लागलीय," वैजयंतीने स्टाफरूममध्ये हळवं होऊन सांगितलं.

एप्रिलमध्ये शाळेच्या ऑफिसात तिच्यासाठी फोन आला. ब्रॉडमार्श बस स्टेशनवरून एक कोच-ड्रायव्हर बोलत होता. लंडनच्या गाडीच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ उभे आहेत, पायात सपाता आहेत, आणि ते म्हणतात की माझी मुलगी शिक्षिका आहे, तिला वर्ग सोडायला लावू नका. वैजयंती वर्ग सोडून धावली. नाना बाकावर बसले होते. टॅक्सी बोलावून आले होते. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत टॉवेल आणि लोणच्याची बरणी.

"अहो नाना, काही झालं असतं म्हणजे?"

"झालं काहीच नाही. रांग पुढे सरकत होती."

त्या संध्याकाळी वैजयंतीने नानांचे बाहेर घालायचे बूट उचलून आपल्या गाडीच्या डिकीत टाकले. टॅक्सीवाल्यांना ताकीद दिली. शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं. "त्यांच्याच भल्यासाठी," ती नंदूला फोनवर म्हणाली, आणि हे शब्द कुठेतरी वाचल्यासारखं तिला पुसट वाटलं. वाचलेलेच होते. बंदर बंद करणाऱ्या सरकारच्या तोंडी ती ते दर वर्षी घालत असे.

बूट गेल्याचं नानांच्या सकाळी लक्षात आलं. दुपारच्या डब्याला त्यांनी हात लावला नाही, रात्री ताट परत केलं.

"भूक नाही का?"

"भूक आहे. उपास आहे."

"आज कसला उपास?"

"इल्फर्डचा," नाना म्हणाले आणि टीव्हीवरचा स्नूकर बघू लागले.

आता मात्र वैजयंतीला जिना दिसला. अगदी माडीवर पोचल्यावर, वरून खाली बघताना दिसतो तसा. आठ वर्षं फळ्यावर काढलेली प्रत्येक पायरी तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या नाकासमोरून चढून आली होती, आणि तिने बिस्किटं आणली होती.

तरी तिने सत्ता सोडली नाही. कोण सोडतं? दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पाणी पितायत ना, मग एक-दोन दिवस काळजी नको, पण त्यांना काय हवंय ते एकदा विचारून बघा. डॉक्टरांना घरची परिस्थिती काय माहीत, असं म्हणून तिने वरणभात लावला. नानांनी तो वास घेऊन परत पाठवला.

वरणभात एकटीने खाताना तिला तिचं स्वतःचं उपोषण आठवलं.

ते १९८२ साल. वैजयंती अठरा वर्षांची. नानांचं म्हणणं, मुलीने लंडनमध्ये घरी राहून फार्मसी करावी. तिला नॉटिंगहॅमला जाऊन इतिहास शिकायचा होता. नानांनीच तिला लहानपणी बेचाळीसच्या गोष्टी सांगितल्या होत्या. सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला, त्यात शाळकरी नाना होते, आणि त्यांना टाचेवर लाठी बसली होती. टाचेवरच कशी, असं विचारलं की ते म्हणत, "माघार घेताना." तर ह्या स्वातंत्र्यसैनिकाच्या मुलीने इल्फर्डच्या जिन्यावर बसून आमरण उपोषण पुकारलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "उपास आहे? बरं." तासाभरात साबुदाण्याची खिचडी आली. संध्याकाळी रताळ्याचा कीस. दुसऱ्या दिवशी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. उपासाला हे सगळं चालतं, त्यामुळे तत्त्वाला कुठे धक्का लागत नव्हता. तीन दिवसांत वैजयंतीचं वजन बहुधा वाढलं. तिसऱ्या रात्री नाना जिन्याशी आले आणि म्हणाले, "जा. पण दर रविवारी फोन करायचा." हा विजय वैजयंतीने कॉलेजात, स्टाफरूममध्ये, नव्या मित्रांना पुष्कळदा सांगितला होता. खिचडी ती गाळायची.

त्या रात्री तिने हायसन ग्रीनच्या दुकानातून आणलेला साबुदाणा भिजत घातला. पाणी किती घालायचं हे तिला माहीत नव्हतं. आईने तो इतिहास लिहून ठेवला नव्हता. सकाळी भांड्यात खळ तयार होती. कुटाला दाणे म्हणून घरात पबमध्ये मिळतात तसले खारे दाणे होते, तेच घातले, आणि वर सवयीने मीठही. जे झालं ते ताटलीत थापून ती पुढच्या खोलीत गेली.

नानांनी चष्मा लावला. "हे काय आहे?"

"खिचडी. उपासाला चालते."

"ह्याने खिडकीची काच बसवता येईल." त्यांनी चमच्याने एक गोळा उचलला, त्याच्याबरोबर ताटलीही उचलली गेली. मग ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, आणि डोळे पुसत तो गोळा तोंडात घातला. "अरे देवा. केवढं मीठ!"

"ब्याऐंशीत मला चांगली मिळाली होती," वैजयंती म्हणाली. "आईने मला फितवलं."

"तिने कुठलं? मी सांगितलं होतं तिला."

"तुम्ही?"

"मग? तुला भूक कधी सोसलीय? अकरा वाजले की तोंड उतरायचं तुझं. जिन्यावर चक्कर येऊन पडली असतीस."

"म्हणजे तुम्ही तेव्हाच जाऊ देणार होतात?"

"पहिल्याच संध्याकाळी."

"मग तीन दिवस कशाला बसवलंत मला?"

"लगेच हो म्हटलं असतं तर जन्मभर म्हणत बसली असतीस, ह्यांना मी घरात नकोच होते." नानांनी दुसरा गोळा खाल्ला, तोंड वाकडं करत. "तुझं तोंड पडायला नको आणि पोटही रिकामं राहायला नको. इंग्रजांना जमलं नाही ते एका पोस्टातल्या माणसाने केलं."

वैजयंतीच्या गेल्या बारा वर्षांतला एकुलता एक विजय त्या ताटलीत विरघळला. तिने तो जाऊ दिला. तिला दुसरंच काही विचारायचं होतं.

"नाना, तिकडे एकटे असताना पडलात तर?"

"पडेन."

"असं काय बोलता!"

"तू इकडे आलीस तेव्हा मी तुझ्या आईला हेच विचारलं होतं. एकटी राहणार, परक्या गावात, पडली म्हणजे? ती म्हणाली, पडेल. मग रात्रभर आम्ही दोघं जागे. पण तुझे बूट नाही लपवले कोणी."

वैजयंती उठली, बाहेर गेली, डिकी उघडली. बूट घेऊन आली आणि पलंगाशी ठेवले. थोडं थांबून तिने ते सरळ जोडीने लावले.

साम्राज्यं जाता जाता अटी घालतात, तशा तिने घातल्या. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे. बाथरूममध्ये हँडल. बर्फात बाहेर पडायचं नाही. "आणि दर रविवारी फोन करायचा," ती म्हणाली.

"मंजूर," नाना म्हणाले. "आता जरा चहा टाक. उकळून."

जूनमध्ये तिने त्यांना गाडीने इल्फर्डला सोडलं. नाना दर रविवारी फोन करत. बोलणं बहुतेक टोमॅटोंबद्दल, शेजारच्या मांजराबद्दल, आणि इतर अटी आपण कशा मोडल्या त्याबद्दल. ऑक्टोबरातल्या एका रविवारी फोन आला नाही. वैजयंतीने नंदूला कळवलं, तो क्रॉयडनहून निघाला, ती इकडून. नंदू आधी पोचला. नाना जिन्याच्या पायथ्याशी नव्हते. मागच्या दारापाशी खुर्चीत बसले होते, बूट घातलेले, बागेत जायला निघाल्यासारखे, अंग गार पडलेलं. दारात दुधाची एकच बाटली होती. नंदू तिला "आय टोल्ड यू" म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं, असं तिला कितीतरी दिवस वाटत राहिलं. निदान भांडता आलं असतं. बूट तिने आणले. ते गाडीच्या डिकीतच आहेत. सामान ठेवताना ती त्यांना जरा बाजूला सरकवते.

पुढच्या वसंतात तिने फळ्यावर जिना काढला. अर्ज, बहिष्कार, कायदेभंग. आवाज नीट लागत होता, आणि ह्याचा तिला थोडा अभिमानही वाटत होता. लंडनमध्ये बसलेल्या शहाण्यांचं वाक्य आलं तेव्हा ते तिने गाळलं. खिचडीसारखं.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मिस, पण राजाने त्यांना सरळ जाऊ का नाही दिलं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर वैजयंतीला पाठ होतं. कर, व्यापार, साम्राज्याची अब्रू, फ्रान्सची भीती. आठ वर्षं ती ते ह्याच क्रमाने देत आली होती. तिने खडू खाली ठेवला.

"त्याला वाटत होतं, ते पडतील," ती म्हणाली.

मुलीने ते वहीत लिहून घेतलं. जूनच्या परीक्षेत तिने तेच एक वाक्य उत्तर म्हणून लिहिलं, खाली रेघ मारून. वैजयंतीने पाचपैकी पाच दिले. विभागप्रमुखांनी पुरावा नाही म्हणून तीन कापले, आणि तिला विचारलं, "हे मुलांच्या डोक्यात कोण भरवतं?"

वैजयंतीने वाद घातला नाही. दोन मार्क ठीक होते.