औषध लागू पडलं

“ताई, अजून ओकतो का गं?” भावाने फोनवर विचारलं.

आत्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि डाव्या खांद्यावरचा भाचा सावरला. “थोडंफार चालूच आहे,” ती म्हणाली. खांद्यावरचं फडकं कोरडं ठणठणीत होतं.

दूध पाजायला घेतलं की हे बाळ कळवळायचं, पाठीची कमान करून आईपासून लांब व्हायचं. भावजय पहिलटकरीण. तिने मनाला लावून घेतलं, की त्याला मीच नकोशी आहे. रडून रडून तिने अंथरूण धरलं, तेव्हा भावाने बाळ बहिणीकडे आणून सोडलं. “बरा झाला की नेतो,” म्हणाला. आत्याला मूलबाळ नव्हतं. इस्त्रीच्या दुकानात लोकांच्या कपड्यांच्या घड्या घालण्यात तिचं आयुष्य चाललं होतं.

“पोटातलं आम्ल वर येतंय,” आत्याने त्याला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नुसता ओकत असता, तर औषध दिलंच नसतं. पण हा दूध पीत नाही, वजन वाढत नाही. सांगितलंय तेवढंच द्या, दुधाआधी. आणि दूध झालं की उभा धरा.”

आत्याने त्याला उभा धरला तो धरलाच. गिऱ्हाइकं त्याला कारंजेसाहेब म्हणायची. “साहेब, आमच्या शर्टावर कृपा नको हं.” हळूहळू औषध लागू पडलं, कारंजं आटलं, बाळाने बाळसं धरलं. आणि फोन वाजला की आत्या आधी भावाचा तर नाही ना, ते बघायला लागली.

भावाच्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने औषधाची बाटली उघडली आणि तशीच बंद केली. एक वेळ चुकली तर काय आभाळ कोसळणार होतं? चार दिवस जास्त राहील, एवढंच. तिने दूध आणलं. पूर्वी दूध दिसलं की टाहो फोडणारा तो पोरगा दोन्ही हात पुढे करून हसला. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दूध बाजूला ठेवलं आणि आधी औषध दिलं.

“साहेब, तुमची आत्या बिनडोक आहे,” तिने त्याला सांगितलं, आणि भावाला फोन लावला. “ओकणं कधीच थांबलंय रे. घेऊन जा.”

भावजय आली. तिच्या मांडीवर बाळ शांतपणे दूध प्यायलं.

“ताई, हा माझ्याकडे बघतोय,” ती रडत म्हणाली.

“मग कुणाकडे बघणार? आई आहेस त्याची.” आत्याचं काळीज तुटत होतं. “लगेच आडवा करू नकोस. खांद्यावर घे, असा.” तिने स्वतःचं फडकं भावजयीच्या खांद्यावर टाकलं.

ती निघाली तशी आत्या दारात उभी राहिली. इतके महिने तो तिच्या खांद्यावर असायचा, तोंड तिच्या पाठीकडे. तिथून तो कसा बघतो, हे तिला कधी दिसलंच नव्हतं. आता दिसलं. आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून तो थेट वळणापर्यंत आत्याकडे बघत होता.

दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं होतं. “आज साहेब कुठायत?”

“बरे झाले,” आत्या म्हणाली, आणि तिने त्याच्या हातातला शर्ट घेतला.