खिचडीनं चिकटलेलं पान

मी एक जुनी डायरी आहे, मित्रांनो. पाटनच्या एका बियाण्याच्या दुकानानं दिवाळीत गिऱ्हाइकांना वाटलेली. तिथून मी चेरीताल मोहल्ल्यातल्या एका घरात आले. कोरी होते तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्या गुळगुळीत कागदावरून हात फिरवला, आणि मग मला फ्रिजवर टाकून दिलं. वर्षभर मी धूळ खाल्ली. त्या घरातल्या विनतानं मला खाली काढलं ते तिला वेदांग झाल्यावर. त्याच्या लसी, ताप, दुधाच्या वेळा, सगळं तिनं माझ्यावर लिहिलं. वेदांगनं मला चावूनही पाहिलं.

तो दोन वर्षांचा झाला आणि विनता नोकरी शोधू लागली. दोन मुलाखतींत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" आलं. दोन्हीकडे ती "नाही सर" म्हणून उठली आणि दोन्हीकडून पुन्हा फोन आला नाही. आता ही तिसरी. या वेळी तिनं प्रश्न लिहूनच काढले. पानाच्या पुढच्या बाजूला पाळणाघराच्या बाईंना विचारायचे, मागच्या बाजूला मुलाखतीचे. सकाळी वेदांगनं खिचडीचा हात माझ्यात घातला आणि ते पान पुढच्या पानाला घट्ट चिकटलं.

विजय नगरचं ऑफिस. समोर देवदत्त सर.

"चलो विनता जी, काही विचारायचं असेल तर विचारा."

तिनं मला उघडलं आणि वाचलं, "आधीच्या बाई काहून सोडून गेल्या?"

सरांनी चष्मा काढला. "माझ्यामुळं," ते म्हणाले.

विनता पान उलटायला गेली. उलटेना. मी तरी काय करणार? तिनं दिसलं ते वाचलं.

"कोणी रडलं तर काय करता?"

"जिन्यात जाऊन रडतात. मी चहा पाठवतो."

"चुकलं तर ओरडता, की समजावून सांगता?"

"ओरडतो," सर म्हणाले. "पण कमी करून राहिलो."

आपण कुठली यादी वाचतोय ते विनताला केव्हाच कळलं होतं. तिनं मला मिटलं. पुढचा प्रश्न माझ्या कुठल्याच पानावर नव्हता.

"सर, मला साडेपाचला निघता येईल का? पाळणाघर सहाला बंद होतं. माझा मुलगा लहान आहे."

सरांनी दाराकडे तोंड करून विचारलं, "क्षमा जी, आपल्याकडे साडेपाचला कोण निघतं?"

"कोणीच नाही सर," बाहेरून आवाज आला. "तुम्ही बसून राहता न."

"अच्छा." सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग आजपासून मी निघतो. विनता जी, सोमवारी या."

मित्रांनो, माझ्यासारख्या डायऱ्यांना खरकटे हात लावू नका, आमचं अंग कायमचं खराब होतं. आणि कोणी "काही विचारायचंय?" म्हणालं, तर मान खाली घालून "नाही" म्हणू नका. जे खरंच जाणून घ्यायचंय, ते विचारा. समोरच्यालाही कधीपासून कोणीतरी विचारायला हवं असतं.