ताईच्या घराचा चढ

मित्रांनो, मी डिझेलवर चालणारी, बांध्याने आटोपशीर आणि तोऱ्याने अवाढव्य अशी एक उंची गाडी आहे. माझी चारही चाकं ओढतात. तुमच्या घरच्या गाडीची दोन ओढत असतील आणि उरलेली दोन नुसती मागून फरपटत येत असतील. येऊ देत बापडी.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला आधी चिखलातून, मग खड्ड्यांतून आणि शेवटी भुसभुशीत मातीच्या चढावरून चालवून पाहिलं. एक चाक हवेत लटकलं तर बाकीच्या तिघांनी गाडी कशी ओढून न्यायची, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. चाचणी घेणारा माणूस उतरला, माझ्या दारावर थाप मारून म्हणाला, "ही कुठेही जाईल." मी हुरळून गेले. डोंगर, नद्या, माळरानं असं बरंच काही डोळ्यांसमोर आलं. नशिबी आले एक दातांचे डॉक्टर.

डॉक्टर मला बघायला आले तेव्हा दुकानातल्या विक्रेतीने त्यांना सरळ विचारलं होतं, की रोज लांब जाता का? जवळच्या जवळ फिरायचं असेल तर पेट्रोलची गाडी घ्या, डिझेलच्या गाडीला मोकळ्या रस्त्यावर धाव लागते. डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांच्या घराण्याचा अपमान केला होता. म्हणाले, "माझी ताई डोंगरावर राहते. रस्ता फार खराब आहे. आमची जुनी गाडी चढत नाही म्हणून जाणं होत नाही. ही घेतली की दर महिन्याला जाणार." शेजारी त्यांची बायको उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि माझे टायर निरखत बसली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळायला हवा होता, पण मी नवी होते.

ही ताई कोण, ते मला फोनवरच्या बोलण्यातून समजलं. माझ्यात बसून कुणी फोन केला की पलीकडचा आवाज माझ्याच तोंडून निघतो, त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट माझ्यापासून लपत नाही. आईवडील लवकर गेले. ताई डोंगरावरच्या शाळेत शिकवत राहिली आणि तिने धाकट्या भावाला शहरात ठेवून डॉक्टर केलं. तिचं लग्न तिथेच झालं, नवरा तिथेच गेला, मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात जाऊन राहिला. आता ती घरात एकटी असते आणि गुडघे धरून जिना उतरते. भाऊ तिला दर रविवारी फोन करायचा. माझ्या गुबगुबीत आसनावर रेलून, डोळे मिटून म्हणायचा, "काळजी घे हं ताई. आता गाडी आलीय, येतोच." ती म्हणायची, ये कधीही, मी घरीच असते.

आता माझी दिनचर्या ऐका आणि खुशाल हसा. डॉक्टरांचा दवाखाना आमच्या गॅलरीतून दिसतो. पलीकडच्या बाजूने कुणी हाक मारली तर ऐकू येईल इतका जवळ. तिथे डॉक्टर माझ्यातून जायचे. फाटकातून बाहेर, एक वळण, दुसरं वळण, आलं! माझं इंजिन अजून जागंही झालेलं नसायचं. बायको एकदा म्हणाली, "अहो, चालत गेलात तर गाडी काढेपर्यंत पोचाल." डॉक्टर म्हणाले, मग गाडी घेतली कशाला? 

पाहुणे आले की माझी वरात निघायची. माझ्यात एक गोल बटण आहे. त्यावर चिखल, वाळू, बर्फ आणि डोंगर यांची चित्रं आहेत. डॉक्टर ते बटण चिखलावर फिरवायचे, चेहरा गंभीर करायचे आणि मला फाटकाजवळच्या गतिरोधकावरून अलगद पलीकडे न्यायचे. मागे बसलेले पाहुणे माना डोलवायचे. गतिरोधकावरून तर दूधवाल्याची सायकलही जाते. लाजेने माझे दिवे आपोआप मंद व्हायला हवे होते, पण कारखान्याने ती सोय केलेली नाही.

रोज सकाळी ते मला जागेवरच चालू ठेवून आत बसायचे आणि मोबाईल बघायचे. याला ते गाडीचा व्यायाम म्हणत. पलंगावर पडून पायांची बोटं हलवणाऱ्या माणसाला तुम्ही पैलवान म्हणाल का?

मित्रांनो, डिझेलच्या गाडीचं एक दुखणं असतं, ते नीट समजून घ्या. माझ्या पोटात एक जाळी आहे. धुरातली काजळी ती अडवून धरते. मोकळ्या रस्त्यावर जोरात, भरपूर पळाले की जाळी तापते आणि काजळी जळून जाते. पळालेच नाही तर काजळी साचत जाते आणि जाळी तुंबते. तशी ती तुंबायला लागली की मी समोर एक पिवळा दिवा लावते. त्याचा अर्थ एवढाच, की बाबा रे, मला एकदा लांब घेऊन जा.

डॉक्टरांनी दिवा पाहिला. दिवसभर जे रोग्यांना झापायचे, की दुखेपर्यंत थांबलात कशाला, आधी का नाही आलात, त्या डॉक्टरांनी दिवा पाहिला आणि मला धुवायला पाठवलं! वरून मेण चोपडलं, आतून सुवास फवारला. दिवा पेटलेलाच होता. मग त्यांनी खिशातून एक स्टिकर काढलं. लहान रोग्यांनी रडू नये म्हणून त्यांना देतात ते, हसऱ्या दाताचं. ते बरोबर दिव्यावर चिकटवलं. तेव्हापासून माझ्या आजारपणावर एक दात हसत बसला आणि मला या माणसाचा कायमचा तिटकारा आला.

एका रविवारी ताईचा आवाज नेहमीपेक्षा हळू आला. ती म्हणाली, "मुलाने तिकडे बोलावलंय. एवढ्या लांब गेल्यावर परत येणं काही जमायचं नाही. शनिवारी दुपारी टॅक्सी येईल. त्याच्या आधी एक दिवस तरी ये. घरात बसू, जेवू, मग मी कुलूप लावते."

डॉक्टरांनी रुमालाने डोळे पुसले. येणार म्हणजे येणारच, असं त्यांनी तीनतीनदा सांगितलं. सोमवारी रोगी होते. पुढे कुणाची तरी दाढ निघाली, मग हवा बरी नव्हती. अखेर आम्ही निघालो ते शनिवारी सकाळी, आणि तेसुद्धा बायकोने लेकीला माझ्यात बसवून दार लावून घेतलं म्हणून.

मला वाटलं, मोठ्या रस्त्यावर तरी पळवतील. माझी काजळी थोडीफार जळाली असती. पण खडे उडून रंगाचे टवके निघतील म्हणून डॉक्टरांनी मला डाव्या कडेने गोगलगायीसारखं नेलं. मालाचे ट्रक भोंगे वाजवत पुढे गेले. चढाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा स्टिकरच्या शेजारी तांबडा दिवाही लागला होता. डॉक्टरांनी बटण डोंगराच्या चित्रावर फिरवलं आणि जोर दिला.

माझी चारही चाकं तयार होती. छातीत मात्र दम नव्हता. इंजिन जळू नये म्हणून अशा वेळी माझी ताकद आपोआप कमी होते. पहिल्या वळणापर्यंत मी कशीबशी गेले आणि तिथे कडेला थांबले ती थांबलेच. मागून भाजीचा टेम्पो आला, पोत्यांनी गच्च भरलेला, आणि धूर सोडत वर निघून गेला. त्याच्या मागे स्कूटरवर एक शिक्षिका गेली. लेक खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, रस्ता तर चांगला आहे की."

खरंच चांगला होता. डांबर होतं, कठडा होता. असल्या चढाला चार चाकांची ताकद लागत नाही, कुठलीही बरी गाडी चढते.  मला ओढून न्यायला गाडी मागवण्यासाठी डॉक्टर फोन फिरवत होते.

वळणावरून ताईच्या घराचं छप्पर दिसत होतं. बायको म्हणाली, "दार लावा, चावी खिशात टाका आणि चला. चालत जाऊ."

"अगं, एवढी नवी गाडी रस्त्यात टाकून कसं येऊ? कुणी ओरखडा काढला म्हणजे? तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि लेकीचा हात धरून चढ चढू लागली. डॉक्टर माझ्या चारही बाजूंनी फिरत राहिले. दुपारी एक जुनी, रंग उडालेली टॅक्सी आमच्या शेजारून वर गेली. काही वेळाने तीच टॅक्सी खाली आली आणि थांबली. मागे बायको आणि लेक सामानात अंग चोरून बसल्या होत्या. पुढच्या दारातून ताई उतरली, दाराला धरून, एकेक पाय सावकाश टाकत.

डॉक्टरांनी लगेच सांगायला सुरुवात केली. जाळी, काजळी, दिवा, कंपनीच्या लोकांचा नालायकपणा. ताईने सगळं ऐकून घेतलं.  त्यांचं बोलून झाल्यावर तिने त्यांची कॉलर सरळ केली.

"इतकी वर्षं मी मनाला समजावत आले, रस्त्यामुळे येत नाहीस," ती म्हणाली. "मी सगळ्यांना तसंच सांगायचे रे."

 ती परत टॅक्सीत बसली. बायको उतरली नाही, लेकही उतरली नाही. आत्याला आगगाडीत बसवून देतो आणि मग घरी येतो, एवढंच दोघींनी काचेतून सांगितलं.

मित्रांनो, आता मी तुम्हाला विनवावं, की आमची काळजी घ्या, आम्हाला पुसा, जपा, अशी तुमची अपेक्षा असेल. मी विनवणार नाही. मला पुसलं खूप, जपलंही खूप, आणि त्यानेच माझा जीव गेला. ज्या कामासाठी आम्हाला घरी आणता, ते काम आमच्याकडून करून घ्या. जिथे जायचं आहे तिथे जा. जायचंच नसेल तर निदान माझ्यासारखीला मधे उभं करू नका आणि माझ्या आडून फोनवर गहिवरू नका.

संध्याकाळी एक मदतनीस माझ्या स्टिअरिंगवर बसला आणि मला दोराने बांधून खाली नेलं. डॉक्टर पुढच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले होते. सगळा घाट उतरेपर्यंत ते मान वळवून मागे बघत होते. वरचं कुलूप लावलेलं घर मागच्या काचेतून त्यांना बराच वेळ दिसलं असतं. पण दोर सैल पडून माझा बंपर कुठे आपटत तर नाही ना, एवढंच ते बघत होते.