खांबाजवळची जागा

मशिदीत जागा कुणाच्या मालकीची नसते, हे चामिल-आगाला चांगलं ठाऊक होतं. फक्त मागच्या खांबाजवळची एक जागा त्याची होती. तिथे त्याचं मेंढीचं कातडं अंथरलेलं असायचं, आणि त्यावर चुकून कुणी टेकलंच तर आगाच्या भुवया मिनारापर्यंत चढायच्या. त्राव्निक गावातल्या या वरच्या आळीत आलेले पाहुणेसुद्धा हे एकदाच शिकत.

त्या जागेवर संकट आलं ते हास्नियाच्या गुडघ्यांमुळे. चामिल-आगा डोंगरावर बस चालवायचा तेव्हा हास्निया त्याच बसवर कंडक्टर होती. दोघंही रिटायर झाली, पण तिचा आवाज काही रिटायर झाला नाही. रमजानात रोज दुपारी मशिदीत कुराण वाचलं जायचं. पुरुष खाली बसायचे, बायका वरच्या माळ्यावर लाकडी जाळीमागे. माळ्याचा जिना म्हणजे नुसती शिडी. गेल्या वर्षी हास्नियाला वरून एकीने ओढलं होतं आणि खालून एकीने ढकललं होतं. यंदा गुडघ्यांनी हात टेकले. तिने सरळ तरुण इमामाला, आदेम एफेंदींना गाठलं. मागच्या दोन रांगा आम्हाला द्या, म्हणाली, नाहीतर मी घरी बसते; आणि माझ्यासारख्या कितीजणी न सांगता घरी बसल्यात तेही बघा जरा.

एफेंदींना ते मनापासून पटलं. पैगंबरांच्या मशिदीत बायका पुरुषांच्या मागे त्याच जमिनीवर उभ्या राहायच्या, मध्ये ना जिना होता ना जाळी, असं त्यांनी समितीला सांगितलं. समितीत निम्मे हो म्हणाले, निम्मे नाही. उरला चामिल-आगा. त्याचा अर्थातच विरोध होता. रीत आहे, वाडवडिलांनी काही विचार करूनच माळा बांधला असेल, आज मागच्या रांगा मागतात उद्या काय मागतील, असं तो बराच वेळ बोलला. सगळं खरं कारण त्या मेंढीच्या कातड्यात होतं. मागच्या रांगा गेल्या की खांब गेला. पण हे तो कुणाला बोलला नाही. स्वतःशीही हळूच बोलला.

त्यात रोजाची दुपार, सकाळपासून पोटात कॉफीचा थेंब नाही. अशा वेळी माणसाने तोंड बंद ठेवावं. चामिल-आगाने ते उघडलं.

"त्या जिन्याचं एवढं काय घेऊन बसलात? आमच्या आया चढायच्या, माझी झुम्रा चढायची. कधी तक्रार नाही केली."

"मग तू चढ की," दारातून हास्निया म्हणाली. "आजचं वाचन वर बसून ऐक. नीट खाली उतरलास तर मी उद्यापासून घरी रेडिओ लावते. नाही उतरलास तर जागा आमची."

एवढ्या लोकांसमोर मागे हटायचं तर मिशा कशाला ठेवायच्या? बायका त्या दिवशी दाराशीच थांबल्या आणि आगा एकटा चढला. बसमध्ये असताना तो नव्या ड्रायव्हरांना सांगायचा की चढ इंजिनाचा असतो, उतार ड्रायव्हरचा. ते त्याला नेमकं वर पोचल्यावर आठवलं.

माळा बुटका होता. आगाने डोकं आपटून घेतलं आणि रोजा असल्यामुळे शिवी गिळली. पायाखाली जे विरलेलं जाजम होतं ते त्याच्या ओळखीचं निघालं. खाली शोभत नाही म्हणून समितीत त्यानेच ते बाद करवलं होतं. खाली वाचन सुरू झालं, पण वर आवाज गोधडीतून आल्यासारखा यायचा. समोर जाळी इतकी घट्ट की ना इमाम दिसे, ना समोरच्या भिंतीतला मिहराबचा कोनाडा. चामिल-आगा बसल्याबसल्या सरकत राहिला. कोपऱ्यात जाळीची एक पट्टी मोडलेली होती. मोडलेल्या कडा बोटांनी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. त्याने तिथे डोळा लावला.

तिथूनही इमाम दिसत नव्हता. दिसत होता मागचा खांब, आणि त्याच्या बुडाशी एक रिकामं मेंढीचं कातडं. बाकी काहीच नाही.

त्याच्या बायकोला, झुम्राला, जाऊन चार वर्षं झाली होती. संध्याकाळी रोजा सोडताना ती सूप वाढायची आणि म्हणायची, आज डुलकी घेतलीस, आज शेजाऱ्याशी कुजबुजत होतास. कुणीतरी बाई चुगली करते असं तो धरून चालला होता. आणि एक गोष्ट ती नेहमी बजावायची, की जागा बदलू नकोस, तिथे पाठीला शेगडीची ऊब मिळते. पुढे शेगडी काढून टाकली, मशिदीत हीटर आले, तरी तिचं तेच. चामिल-आगाने कधी विचारलं नाही की आता कुठली ऊब. आत्ता वाचन संपलं तरी तो त्या भोकापासून हलला नाही.

मग उतरायची वेळ आली. एक पाय खालच्या पायरीकडे गेला आणि गुडघा जो अडकला तो हवेतच राहिला. खाली अख्खी आळी माना वर करून उभी.

"तोंड फिरव, मागे मागे ये," हास्निया खालून म्हणाली, आणि तिने भिंतीवर थाप मारली, जशी ती बसच्या पत्र्यावर मारायची. "येऊ दे. येऊ दे. डावीकडे घे जरा. येऊ दे. बस्स!"

आगा रिव्हर्समध्ये खाली आला. कुणी हसलं नाही, म्हणजे सगळ्यांनी ओठ चावले. त्याने हास्नियाला बाजूला घेतलं.

"ती पट्टी कुणी मोडली?"

"कोण मोडणार? झुम्राने. केसातल्या पिनेने, लग्नानंतरच्या पहिल्याच रमजानात. आम्हाला कुणाला त्या कोपऱ्यात बसू द्यायची नाही."

चामिल-आगा खांबाकडे गेला. कातडं उचलून त्याने झटकलं, पुन्हा खांबाजवळ अंथरलं आणि हास्नियाला म्हणाला, "बस इथे. पाठीला ऊब मिळते." समितीचा ठराव तेवढ्यावर झाला.

दुसऱ्या दिवशी मागच्या रांगांत बायका बसल्या, आणि न सांगता घरी बसलेल्याही त्यांत होत्या. चामिल-आगाला पुढे परक्या जागी बसावं लागलं. पाठ उघडी पडल्यासारखी वाटत होती. वाचन संपल्यावर तो दारात बुटात पाय घालत होता तेव्हा हास्निया काठी टेकत आली.

"आज मध्येच डुलकी घेतलीस," ती म्हणाली. "आणि मोजे बदल, टाचेला भोक आहे."

चार वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. एक बूट हातात तसाच धरून चामिल-आगा उंबऱ्याशी उभा राहिला, आणि मग म्हणाला की उद्या नीट बसेन.