सरासरीचा उतारा

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायच्या तोटीच्या काचनळ्या, होत्या. त्यांतल्या सतरांच्या तोट्या गळत होत्या. एम. एस्सी.च्या जागा बारा, अर्ज एकशे चाळीस. पणदऱ्याच्या रोहिणीने सगळ्यांच्या आधी येऊन हे मोजलं, आणि न गळणाऱ्या पाचांपैकी एक ब्युरेट धरून ठेवली.

मागल्या वर्षी जागा चोवीस होत्या. पण बारामती-इंदापूरच्या मधल्या या कॉलेजचे अध्यक्ष विजयसिंहतात्या यांना तालुक्यातली बेकारी बघवेना. पोरं शिकून बेकार होतात, तेव्हा कमी शिकवली की बेकारही कमीच होतील, असा हिशेब मांडून त्यांनी निम्म्या जागा बंद केल्या. बातमी फुटली आणि अर्ज दुप्पट आले. घरात 'शिकतोय' म्हणणाऱ्याला चहा मिळतो, 'बसलोय' म्हणणाऱ्याला टोमणा. एवढं रसायनशास्त्र सगळ्यांना येत होतं.

रोहिणीला मात्र खरंच शिकायचं होतं. तिच्या आईने, सारजाने, सकाळीच बजावलं होतं, "जागा मिळाली तर दोन वरीस लग्नाचं नाव काढणार न्हाय. न्हाय मिळाली तर रविवारी इंदापूरचं पाव्हणं येत्यात. गुमान साडी नेसायची."

गुण बघून निवडायची सोय नव्हती. लॉकडाऊनातल्या घरबसल्या परीक्षेने जवळजवळ कुणालाच नव्वदच्या खाली राहू दिलं नव्हतं. तात्या साखर कारखान्याचेही संचालक. ते म्हणाले, "तोडीआधी आमी उसाचा नमुना काढतो. तसा पोरांचा काढा."

रोहिणीला हे मनापासून पटलं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या दीपक सरांनी आम्लाची बाटली ठेवली. त्याची तीव्रता ब्युरेटने मोजून चिठ्ठीवर लिहायची; खरा आकडा फक्त सरांना ठाऊक.

पाळीपाळीनं मुलं आत जाऊ लागली. रोहिणीच्या शेजारी सिद्धू उभा होता. वय चौतीस, भरतीच्या परीक्षा देऊन देऊन केस विरळ झालेले. त्याने ब्युरेटला हातसुद्धा लावला नाही.

"ताई, तुझं किती आलं गं?"

"सांगणार नाही."

"ऱ्हाऊ दे. बाकीच्यांनी सांगितलंय. मधला आकडा टाकतो."

"असं कुठं मोजतात का?"

"मोजत्यात न्हाय, पण निवडून येत्यात," सिद्धू म्हणाला.

रोहिणीला त्याची कीव आली. तिने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा ०.१००२ आलं.

दुपारी सगळे पालकांसह सभागृहात बसले. सरांनी खरा आकडा वाचला, ०.१०००. रोहिणीने वडिलांचा हात घट्ट धरला. सर पहिलं नाव घेणार, तेवढ्यात तात्यांनी हात वर केला.

"थांबा, सर. ह्यो आकडा तुमच्या एकट्याचा. कारखान्यात कुणाच्या उसात साखर जास्त, कुणाच्या कमी. आमी वेगळं मोजतो का? साखरेचा उतारा सगळ्यांचा सरासरी धरतो, भाव सगळ्यांना एकच. सहकार म्हणत्यात ह्याला. सरासरी काढा. तिच्याजवळ जो, त्याला जागा."

रोहिणी उठली. "तात्या, तोट्या गळत होत्या. गळकी ब्युरेट जास्तच दाखवते. सरासरीच चुकेल."

"म्हंजी एवढी सगळी चुकली, आन् तू तेवढी बरोबर?"

"पाच ब्युरेट बरोबर होत्या, तात्या."

"आन् गळक्या किती?"

"सतरा."

"मग बहुमत कुणाचं हाय, पोरी?"

टाळ्या पडल्या. गळक्या ब्युरेटवाल्यांनी जास्त जोरात वाजवल्या. रोहिणीचे वडील शंभूराज कारखान्याचे जुने सभासद. तात्या बोलून थांबले की टाळी वाजवायची त्यांच्या हातांना सवय होती. लेकीच्या मुठीतून हात सोडवून त्यांनी ती वाजवली, मग हाताकडे बघत बसले.

सरांनी सगळ्या चिठ्ठ्यांची सरासरी काढली. ती ०.१२७ आली. सिद्धूचं उत्तर ०.१२७, क्रमांक पहिला. रोहिणीचं उत्तर ०.१००२, क्रमांक एकशे एकतीस.