माझी शेवटची आठ पानं

मित्रांनो, मी एका रहस्यकादंबरीची जुनी प्रत आहे. वयाने जेमतेम दीड वर्षाची, पण पिठात राहून पांढरी झाले म्हणून म्हातारी म्हणायचं. माझ्या पोटात एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा खून आहे. आणि गंमत बघा, तो कुणी केला हे मलाच ठाऊक नव्हतं! माझी शेवटची आठ पानंच नव्हती.

ती गेली कुठे? देव जाणे! छापखान्याच्या गठ्ठ्यात मी गाढ झोपले होते. जाग आली ती नवघरच्या एका पिठाच्या गिरणीत, डब्यांच्या रांगेशेजारी, फळीवर. मला तिथे ठेवून गेल्या संचिताताई, म्हणजे मला लिहिणाऱ्या. त्या दिवसभर नोकरी करतात, आणि नव्या लेखिकेला मोठी दुकानं कुठे विचारतात? म्हणून सलूनमध्ये एक, शिंप्याकडे एक आणि गिरणीत मी, अशा तीन प्रती त्यांनी फुकट वाचायला ठेवल्या. "काका, दळण होईस्तोवर लोकांना वाचू द्या," असं गिरणीवाल्या आत्मारामकाकांना सांगून त्या गेल्या.

लोक कसले वाचतात! बायका माझ्यावर डबा ठेवायच्या. मला काही कळेचना, मी पुस्तक की पाट?

मग गावातल्या केसरबाई आल्या, भाकरीचं पीठ दळायला. त्यांना वाचता येत नव्हतं. "आत्माराम, ह्यात काय हाय रं?" त्यांनी विचारलं. काकांनी गिरणी थांबवून दोन पानं वाचून दाखवली. झालं, बाईंना चटकच लागली! मूठभर तांदूळ घेऊनसुद्धा त्या यायच्या. काकांचा आवाज चढायचा, केसरबाई "अगं माय!" म्हणायच्या, आणि माझा ऊर भरून यायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

पण शेवट आला आणि पुढे नुसता पुठ्ठा! काकांचं डोकंच फिरलं.

"केसरबाई, भाकरी बांधायला पानं तुम्हीच नेलीत ना?"

"मला वाचता येत न्हाय म्हणून चोर व्हय मी?"

त्यांनी न दळलेला डबा उचलला आणि गेल्या. पुन्हा आल्याच नाहीत. काकांनी मला पोत्यांमागे टाकलं. मला ओरडून सांगायचं होतं, बाईंनी नाही फाडली! पण मग कुणी? उंदराने? गिऱ्हाइकाने? विचार करकरून माझी शिवण उसवायची वेळ आली.

महिन्याने संचिताताई आल्या, चेहरा उतरलेला. काकांनी हात जोडले. "ताई, माफ करा. तुमची पानं माझ्या गिरणीत फाटली."

ताई गोंधळल्या. "फाटली? काका, ती मीच कापली. ब्लेडने."

अगं बाई! जिने मला लिहिलं, तिनेच?

"मागे चिठ्ठी लावली होती ना? 'खुनी कोण? या नंबरवर फोन करा, पूर्ण पुस्तक घरपोच मिळेल.' उत्सुकता वाढावी म्हणून केलं हो. एकही फोन आला नाही. वाटलं, कुणाला आवडलंच नाही."

चिठ्ठी कधीच पिठात गळून पडली असणार. काकांनी मला पोत्यांमागून ओढून काढलं. "आवडलं नाही? अहो, त्यापायी मी एका भल्या बाईला चोर ठरवलं!"

दोघं तडक केसरबाईंच्या दारी गेले, मला घेऊन. काकांनी कान पकडले. ताई म्हणाल्या, "मावशी, चूक माझी आहे."

केसरबाईंनी माफही केलं नाही आणि हाकललंही नाही. "आधी पानं लाव. मग बघू."

त्यांनीच पिठाची खळ शिजवली. ताईंनी घरी पळत जाऊन आणलेली आठ पानं एकेक करून मला चिकटली. काका वाचू लागले. खुनी तोच निघाला, जो पहिल्या पानापासून दुसऱ्यांवर आळ घेत होता.

मित्रांनो, पुस्तक जपा, त्याची पानं कापू नका. बाकीचं केसरबाईंनी माझ्यापेक्षा बरं सांगितलं. डबा काकांच्या हातात देत त्या म्हणाल्या, "मला पैल्याच दिवशी ठावं व्हतं. ज्याला बोट दाखवायची घाई, त्याला आधी बघावं. जा आता, बारीक दळून आण."