बर्फातले कोनाडे

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी शिंग क्लावदियाच्या हातात आले. वीतभर लांबीचे, पितळी. तोंडाशी मळकी चिंधी गुंडाळलेली, थंडीत पितळ ओठांना चिकटू नये म्हणून. चिंधीला स्तेपानिचच्या तंबाखूचा वास होता. कालपर्यंत रुळांच्या वळणावर तोच उभा राहायचा. रात्री त्याला ताप भरला आणि पहाऱ्याची जागा रिकामी झाली — इतकी साधी गोष्ट. ती त्या चिंधीकडे बघत राहिली. वजन ते कितीसे, पण हात खाली ओढल्यासारखा वाटला.

“तूच उभी राहा, क्लावदिया येगोरोव्ना,” फाइना म्हणाली. फाइना रुळांवरचा बर्फ काढणाऱ्या टोळीची मुकादम. “सव्वीस वर्षं झाली तुला या रुळांवर. दुसऱ्या कुणाला पाठवू? झोयाला? गाडी दिसली की ती आधी केस सारखे करील.”

“करीन की,” झोया म्हणाली. “ड्रायव्हर बघतात ना.”

बायका हसल्या. क्लावदियाही हसली, किंचित उशिरा, बाकीच्यांचे चेहरे बघून. मग टेबलावर नोंदवही आली. ‘सूचना ऐकल्या, समजल्या’ या ओळीखाली सही करायची. तिच्याआधी चौघींनी केली होती, शेवटची तिच्या सुनेची, रिम्माची — शाळकरी, गोल अक्षर. पेन तिच्या हातात होते. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? त्या वेळात ती सही करून मोकळी झाली.

केद्रोवाया स्थानकापासून दीड किलोमीटरवर रूळ टेकडी कापून जातात. पहाटे बर्फाचा नांगर लावलेले इंजिन त्या खिंडीतून गेले होते आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. त्यांतून ढासळलेली ढेकळे, मोडलेल्या कुंपणाच्या फळ्या, मालगाडीतून सांडलेला कोळसा, एक अख्खी देवदाराची फांदी — हे सगळे रुळांवरून काढायचे. आणि भिंतींमध्ये दर वीस पावलांवर कोनाडे कोरायचे, कारण खिंडीत गाडी आली तर बाजूला व्हायला जागाच नसते. माणसाने कोनाड्यात शिरायचे, पाठ बर्फाला लावायची आणि डबे संपेपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे. एका कोनाड्यात दोघी मावतात, चिकटून. रिम्माला कोनाडा कोरायला तिनेच शिकवले होते, पाच आठवड्यांपूर्वी: फावड्याच्या दांड्याइतका खोल, वर एक मूठ.

स्थानकाकडची बाजू सरळ होती. तिकडून येणारी गाडी फाइनाला स्वतःला दिसे. पूर्वेकडची मात्र टेकडीला वळसा घालून एकदम अंगावर येते. म्हणून पूर्वेच्या वळणावर, टोळीपासून तीनशे पावलांवर, पहारा. गाडीची चाहूल लागली की एक लांब फुंक. फाइनाने खराटा डोक्यावर आडवा धरला म्हणजे टोळीला कळले. तोवर फुंकत राहायचे. स्वच्छ दिवशी वळणावरून किलोमीटरभर दिसते. आज सकाळपासून वारा बर्फ आडवा मारत होता आणि तिला दिसत होती चारशे पावले, कधी शंभर, कधी नुसता स्वतःचा हात. अशा दिवशी पहारा कानांनी करायचा असतो. वळणाआधी ड्रायव्हर शिट्टी देतो. ती शिट्टी खिंडीत, फावड्यांच्या आवाजात, भिंतींच्या आड पोहोचत नाही. वळणावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ऐकू येते. येते म्हणे.

तिने कानटोपीच्या भोकांवरून हात फिरवला. नियमच आहे, कानांपाशी भोके असलेली टोपी. भोके होती. त्यांतून थंडी आत येत होती, बाकी काही नाही.

डावा कान तीन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात गेला. उजवा गेल्या वसंतापासून, हळूहळू — आधी किटली गाणे विसरली, मग भिंतीवरचे घड्याळ, मग एका सकाळी बुटाखालचा बर्फ करकरेनासा झाला आणि तिला वाटले, काय मऊ बर्फ पडला आहे यंदा... माणसाचा आवाज समोरून, तोंड दिसत असेल तर, अजून पुरे. आणि ऑक्टोबरात तपासणी. दवाखान्यात डॉक्टरीणबाई सहा पावलांवरून कुजबुजत आकडे म्हणते, आपण पाठमोरे उभे राहून ते परत म्हणायचे. दिवसाला सत्तर माणसे. नवे आकडे शोधायला तिला सवड कुठली? तेच तीन, त्याच क्रमाने. बाहेर बाकावर बायका ते एकमेकींना सांगत, वर्षानुवर्षे सांगत आल्या होत्या, ज्यांचे कान ठणठणीत होते त्यांनासुद्धा. शेजारणीने मीठ मागितले तर द्यावे, तसे. फसवणूक हा शब्द कोणाच्या डोक्यातही आला नसता. फाइना बाहेर आली, शाल बांधता बांधता उजव्या कानाशी वाकली: “तेवीस, एकाहत्तर, अठ्ठेचाळीस. जा.” क्लावदिया आत गेली, भिंतीकडे तोंड करून एक श्वास घेतला, तेवीस, एक श्वास, एकाहत्तर, एक श्वास. शिक्का बसला. पेन्शनला चौदा महिने राहिले होते. शिक्का बसला नसता तर फलाट झाडायचे काम, नाहीतर घर — स्टोव्हजवळची खुर्ची, मुलगा ओरडून बोलतो आहे, सून हळू बोलते आहे, आणि दोघेही तिच्याबद्दलच.

पण तेव्हा शिंग स्तेपानिचकडे होते. कान लागणार होते ते स्तेपानिचचे. ऑक्टोबरात मी कोणाचे काय वाईट केले?

दहा वाजून पंचवीसची गाडी तिला दिसली, ऐकू आली नाही. बर्फात एक पिवळट डाग — तिला आधी वाटले डोळ्यांत पाणी आले आहे — आणि मग डागाला कड आली. ती फुंकू लागली. दूरवर खराटा आडवा झाला. नारिंगी जाकिटांचे ठिपके भिंतींत विरघळले. इंजिन तिच्याजवळून गेले तेव्हा तिने मोजले होते: फुंकीपासून एकोणीस श्वास. स्तेपानिचच्या पहाऱ्यात झोया एक अख्खा चावट किस्सा सांगून संपवायची आणि मग रमतगमत कोनाड्यात जायची. एकोणीस श्वास! आणि रिम्माची खोड — नव्या पोरींची असतेच — की ‘एवढे एक फावडे बर्फ टाकते आणि येते’. डबे संपले. फाइना धरून पाच ठिपके बाहेर आले. तिने पुन्हा मोजले. पाच.

त्यानंतर ती ऐकण्याचा प्रयत्न करू लागली आणि तिथेच घोटाळा झाला. कारण डोक्यात आवाज होते. एक घरघर, सतत, समुद्राच्या गाजेसारखी — वाऱ्याची की तिची स्वतःची? मधूनच एक बारीक शीळ, अगदी खरी, पूर्वेकडून. तिने शिंग ओठांना लावले. नाही, काही नाही. आणि असेल तर? हातमोजा काढून तिने उघडा तळवा रुळावर ठेवला. रूळ थरथरत होता, की हात? ती उठली आणि फुंकली. खराटा आडवा झाला, ठिपके गेले. तिने वळणाकडे पाहिले. पांढरे. साठ श्वास झाले. शंभर. दोनशे. गाडी आली नाही. ठिपके एकेक करून बाहेर आले आणि त्यांतला एक तिच्या दिशेने चालू लागला.

रिम्मा होती. हातात थर्मास.

“फाइनानं चहा पाठवलाय,” तिने गळपट्टा तोंडावरून खाली ओढला, म्हणून कळले. “आणि झोया विचारते, गाडी तुम्हाला स्वप्नात दिसली का. दिसली असेल तर त्यात लिंबं होती का बघा म्हणते, दुकानात तर नाहीत.”

“फाइना काय म्हणाली?”

“फाइना म्हणाली, घाबरट माणूस पहाऱ्याला बरा. फुंकू दे म्हणाली दहा वेळा.”

क्लावदियाने चहा घेतला. रिम्माचे ओठ बघायचे तर वळणाकडे पाठ करावी लागत होती. वळणाकडे बघावे तर रिम्मा नुसती वाफ सोडणारे एक तोंड. तिने अर्धे वळून पाहिले, दोन्हीही दिसेनात. रिम्मा सांगत होती — कोळसा फार पडला आहे, दोन गोण्या होतील. फाइनाचा गुडघा दुखतो आहे. रात्री बटाटे की लापशी...

“रिम्मा, ऐक. शिंग वाजलं की फावडं सोडून द्यायचं. असशील तिथंच. कळलं?”

“हो आई.”

“हो आई नको. एक फावडंसुद्धा नाही.”

“अहो, तुम्ही असल्यावर काय,” रिम्मा हसली. “स्तेपानिच असला की मी सारखी मान वर करून बघते, म्हातारा पेंगला तर नाही ना म्हणून. आज सकाळपासून एकदाही नाही बघितलं. म्हटलं, आपली आई आहे वळणावर.”

ते शब्द तिला अक्षर न् अक्षर कळले. आता, ती मनात म्हणाली. आता सांग. पोर समोर आहे, एकटी आहे. मला ऐकू येत नाही, एवढेच — आणि त्याच वेळी रिम्माचे डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे गेले. ओठ हलले.

“शिट्टी.”

क्लावदिया वळली. पांढरे होते. डाग नाही, कड नाही, काही नाही. तिने शिंग लावले आणि छाती फुटेल इतके फुंकले, आणि खराटा वर गेल्याचे दिसल्यावरही फुंकत राहिली. रिम्माने तिची बाही ओढून तिला रुळांपासून मागे घेतले. बर्फातून इंजिन आले. तोवर चौतीस श्वास झाले होते. चौतीस. म्हणजे ऐकणाऱ्या माणसाला चौतीस मिळतात आणि मी एकोणीस देते, आणि बर्फ वाढला तर बारा, आणि मग...

शेवटचा डबा गेला. खिंडीत ठिपके बाहेर आले. एक, दोन, तीन, चार. चार. तिने पुन्हा मोजले. चार — आणि मग तिला कळले की पाचवी शेजारी उभी आहे, थर्मासचे झाकण लावते आहे.

“माझी परीक्षा बघत होतात ना?” रिम्मा म्हणाली. “कळलं मला. मुद्दाम थांबलात, मी ऐकते का ते बघायला.” तिचा चेहरा थंडीने आणि अभिमानाने लाल झाला होता. “ऐकली की नाही?”

“ऐकलीस,” क्लावदिया म्हणाली.

रिम्मा परत गेली. ती लहान होत गेली, ठिपका झाली, मग बर्फाने ठिपकाही पुसला. अकरा वाजून पन्नास मिनिटे झाली होती. टोळी एकपर्यंत खिंडीत राहणार होती. आता खराटा दिसत नव्हता, भिंती दिसत नव्हत्या, रूळ चार पावलांवर संपत होते. सकाळपासून तिला भीती वाटत होती ती पकडले जाण्याची — हे तिला आता उमगले आणि किळस आली. रिम्मा मान वर करणार नव्हती. फावडे उचलील, टाकील, उचलील. आपली आई आहे वळणावर.

जाऊन सांगायला हवे. पण सांगायला जायचे म्हणजे वळण सोडायचे, आणि पहारा सोडणे म्हणजे — स्तेपानिच तापाने फणफणत उभा राहिला असता पण हलला नसता. तीनशे पावले, या बर्फात सहा मिनिटे, सात. सात मिनिटे वळणावर कोणी नाही. जणू आत्ता कोणी होते!

तिने शिंग लावले आणि एक लांब फुंक मारली. मग दुसरी, तिसरी. खराटा दिसत नव्हता, म्हणून वीस वेळा फुंकली, पन्नास श्वास थांबली, पुन्हा फुंकली. आता त्या कोनाड्यांत असतील. गाडी येईपर्यंत बाहेर येणार नाहीत. मघाशी दोनशे श्वास थांबल्या होत्या, या वेळी कदाचित तीनशे. तेवढ्यात पोहोचायचे.

ती खिंडीत शिरली. दोन रुळांच्या मधून, कारण दुसरी वाट नव्हती. पहिला कोनाडा रिकामा, दुसरा रिकामा. पाठीवर वळण होते. सव्वीस वर्षांत तिने कधी येणाऱ्या गाडीकडे पाठ केली नव्हती, आणि ती पाठ आता एखाद्या वेगळ्या अवयवासारखी जागी झाली होती, कातडी कान झाली होती आणि तिलाही काही ऐकू येत नव्हते. ती पळू लागली. लोकरी नमद्याचे बूट रुळांखालच्या आडव्या स्लीपरांवर घसरत होते. सातवा कोनाडा... आठवा... वळून बघ. नको. वळलीस तर परत जाशील. परत गेलीस तर उभी राहशील, एक वाजेपर्यंत, आणि उद्या पुन्हा सही करशील.

दहाव्या कोनाड्यातून एक हात आला आणि तिला आत ओढले. रिम्मा होती, तोंड उघडे, ओरडत होती, गळपट्टा बाजूला गेलेला — किती वेळची ओरडत होती कोण जाणे. समोरच्या भिंतीतून फाइनाचा चेहरा बाहेर आला होता. तिचेही ओठ हलत होते. गाडी कुठेय, की पहारा का सोडलास, की आणखी काही. वाफेत ओठ धुरकट झाले होते.

“मला ऐकू येत नाही,” क्लावदिया म्हणाली.

म्हणाली, असे तिला वाटले. आवाज बाहेर पडला की नाही ते कळेना. वाऱ्यात स्वतःचा आवाज तिला कधीपासून सापडत नव्हता. म्हणून तिने ते पुन्हा म्हटले, घशावर हात ठेवून, घसा थरथरतो का ते बघत. “डावा कधीचाच गेला. उजवा पण. ऑक्टोबरात तू सांगितलेस ते आकडे मी म्हटले, फाइना. डॉक्टरीणबाईचा मला एकही ऐकू आला नव्हता.”

रिम्माचे तोंड मिटले. क्लावदियाच्या बाहीवरची तिची बोटे सुटली नाहीत, आवळलीही नाहीत. फाइना आता क्लावदियाकडे बघत नव्हती. हळूहळू तिची मान पूर्वेकडे वळली आणि तिने शाल कानावरून मागे सारली. क्षणभराने रिम्माचीही मान तिकडेच वळली. क्लावदियाच्या छातीत सकाळपासून घट्ट धरलेले काहीतरी सैल पडले. भीती कमी झाली नव्हती. भीती ही एवढीशी जागा होती, आणि आता तिच्यात तिघी उभ्या होत्या.

बारा वाजून चार मिनिटे झाली होती. बर्फ पडत होता. वळणावर कोणी नव्हते.